माओलिनची फूशेन

मी एक बुरशी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. शिळ्या अन्नावर येते ती मी नव्हे, आणि पावसाळ्यात उकिरड्यावर छत्री उघडून उभी राहते तीही नव्हे. त्या माझ्या लांबच्या नातलग, त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. मी मातीखालची. पाइनच्या मुळाला धरून अंधारात वाढणारी. बाहेरून पाहाल तर खरबरीत, काळपट, भलंमोठं रताळं वाटेल. आतून मात्र मी पांढरीशुभ्र, तांदळाच्या पिठासारखी.

चीनमधल्या युन्नानच्या आमच्या डोंगरात मला फूलिंग म्हणतात. पण कधी कधी वाढता वाढता आम्ही मुळाला असं कवटाळतो की ते मूळ आमच्या पोटातून आरपार जातं. अशा फूलिंगला वेगळं नाव आहे, फूशेन. ज्यांचं काळीज उगाच धडधडतं, ज्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांच्यासाठी ती राखून ठेवतात. मी फूशेन आहे. बोलण्यात थोडा तोरा येईल माझ्या, तेवढा चालवून घ्या. मातीखाली राहणाऱ्याला दुसरं काय मिरवायला मिळतं?

माझा जन्म नेमका कधीचा, ते मला सांगता येणार नाही. कुणाच्या तरी छपरासाठी एक पाइन तोडला गेला आणि त्याचा बुंधा तसाच राहिला. झाड गेलं तरी मुळांना ते कळायला बराच वेळ लागतो. त्या अर्धवट जिवंत मुळाला मी बिलगले. ते मला खाऊ घालायचं आणि मी त्याला सोबत करायचे, असं मी सांगत आलेय. खरं म्हणजे मी त्यालाच खात होते. पण शेवटी ते माझ्या पोटात राहिलं आणि मी त्याच्याभोवती, तेव्हा आता तक्रार कुणी कुणाची करायची.

मला शोधलं लुओ माओलिनने. सोंगपिंग नावाच्या आमच्या वाडीतला तो शेतकरी. मका आणि तंबाखू पिकवायचा, आणि शरद आला की लोखंडी गज खांद्यावर टाकून पाइनच्या रानात शिरायचा. मी जिथे असते तिथे वर गवत धरत नाही, जमिनीला बारीक भेगा पडतात, आणि पाऊस पडून गेला की ती जागा आधी सुकते. माओलिन त्या बुंध्याभोवती दोनदा फिरला, गज रोवला आणि दाबला. तो सरळ माझ्यात घुसला. दुखलं. त्याने गज ओढून टोक बघितलं, त्यावर माझं पांढरं पीठ लागलेलं होतं. मग तो गज बाजूला ठेवून हातांनी माती काढायला लागला. लोखंडाने ओरखडा पडू नये म्हणून.

मधेच तो थांबला आणि खोकला. बुंध्याला पाठ टेकून बराच वेळ खोकत बसला, छातीवर मूठ दाबून. मी अर्धी मातीत, अर्धी उजेडात होते. मी जगात आल्यावर ऐकलेला पहिला माणसाचा आवाज तो खोकला. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवली होती, पण बुरशीला कोण विचारतं.

घरी त्याची बायको यिनझी दारात मिरच्या निवडत बसली होती. त्याने मला तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "ही बाजारात द्यायची नाही. हिच्या पोटात मूळ आहे. ही तुझी."

"मला काय धाड भरलीय?"

"काल परात पडली तर अंगणात पळत सुटलीस. कावळा ओरडला तरी दचकतेस."

"तू घोरतोस म्हणून झोप येत नाही मला. त्याच्यावर काही खणून आण." असं म्हणून तिने मला पदराने पुसलं. म्हणजे पदर नव्हे, कमरेला बांधलेलं निळं फडकं. पण पुसणं तसंच होतं.

नंतर माझा घाम काढला. हसू नका, आमच्यात तसंच करतात. बंद खोलीत पेंढ्यावर मला ठेवतात, वरून आणखी पेंढा घालतात. आतल्या उबेने अंगावर थेंब धरतात. ते पुसून सावलीत वारा देतात आणि पुन्हा पेंढ्यात घालतात. असं होत होत अंगातलं सगळं पाणी जातं, साल सुरकुतते आणि मग आम्ही वर्षानुवर्षं टिकतो. यिनझी रोज येऊन मला उलटायची. तिची बोटं मिरचीने कायम लाल आणि जराशी थरथरती असायची.

मग मला माळ्यावर टोपलीत ठेवलं. माळ्याच्या फळ्यांतून खाली दार दिसायचं, आणि दारापलीकडे गल्ली, आणि गल्लीपलीकडे माओलिनच्या धाकट्या भावाचं घर. त्या घरात त्याची बायको रुईशिन, लग्न होऊन दोनेक वर्षंच झालेली. तळ्याकाठच्या मोठ्या गावातली, चटपटीत, सगळं घासूनपुसून लखलखीत ठेवणारी. तिचा नवरा ट्रकवर असायचा, महिना महिना बाहेर. यिनझीला ही धाकटी जाऊ आवडायची. लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे जायच्या, आणि कुणाचं लोणचं जास्त आंबट यावरून दोघी भांडायच्याही.

आता मडक्याचं सांगते, कारण सगळं त्या मडक्यापाशी येऊन अडलं. औषध उकळायचं मातीचं मडकं आमच्या वाडीत एकच होतं, यिनझीचं, आईकडून आलेलं. नवं मडकं कुणी घेत नाही. औषधाचं मडकं विकत आणणं म्हणजे आजाराला मुक्कामाला बोलावणं. ज्याला गरज पडेल तो ते मागून नेतो. पण नेलेलं मडकं परत पोचवायचं नसतं. ते त्याच्याकडेच राहतं, आणि मालकाला लागलं की मालक स्वतः जाऊन आणतो. परत नेऊन देणं म्हणजे आपल्या घरातलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं.

रुईशिनला ठाऊक नव्हतं. तिच्या लेकराला ताप आला म्हणून तिने मडकं नेलं, आणि लेकरू बरं झाल्यावर राखेने घासून, उन्हात वाळवून, वर दोन अंडी ठेवून ती हसत यिनझीच्या दारात आली. दारात माओलिन होता. मी वरून बघत होते. क्षणभर तो थबकला, मग हसला, दोन्ही हातांनी मडकं घेतलं आणि म्हणाला, वा, इतकं स्वच्छ तर ते नवं असतानाही नव्हतं. रुईशिन खूश होऊन गेली.

त्याच हिवाळ्यात माओलिनची छाती भरली. त्याच मडक्यात त्याची औषधं उकळली. तो वाचला नाही.

क्रियाकर्म आटोपल्यावर यिनझी मडकं उचलून गल्ली ओलांडून गेली. तिने ते रुईशिनच्या उंबऱ्यावर ठेवलं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे तू माझ्या दारात आणलं होतंस. घे. माझ्या घरातून जे न्यायचं होतं ते घेऊन गेलं."

रुईशिनला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिने काय केलं होतं.

त्यानंतर मी माळ्यावर बरीच वर्षं पडून होते. उंदरांनी चाखून बघितलं, चव नाही म्हणून सोडून दिलं. कोळ्याने टोपलीच्या कानावर जाळं केलं. यिनझी कधी कधी वर यायची, मला हातात घ्यायची, पुन्हा ठेवायची. माओलिनच्या हातची शेवटची वस्तू म्हणून ती मला कापायला तयार नव्हती. आपण जपले जातोय याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण औषधाला नुसतं जपून ठेवलं की ते औषध राहत नाही हो, आठवण होतं. आणि आठवणीने तिला झोप यायची नाही.

खाली गल्लीत काय चाललंय ते मला दिसायचं. दोघी जावा एकमेकींसमोर राहून एकमेकींना दिसत नसल्यासारख्या वागायच्या. वाडीतल्या कुणाला मडकं लागलं तर तो रुईशिनकडून न्यायचा. आणि काही दिवसांनी, आपल्या घरात कुणीही आजारी नसताना, रुईशिन ते त्याच्याकडून परत घरी आणायची. का ते कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. उद्या यिनझी न्यायला आली तर ते जागेवर असायला हवं, म्हणून.

यिनझी आली नाही. पण तिची तब्येत खालावत गेली. काळीज धडधडायचं, जेवण जाईना, चालताना भिंत धरावी लागे. डोळ्यांखाली काळं आलं. तिची लेक शूलान, वडील गेले तेव्हा लहान होती ती आता लग्नाची झालेली, तिला धरून दुआन वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी नाडी बघितली. परत आल्यावर शूलान शेजारणीला सांगत होती, वैद्य म्हणतात, अशीच झोपेवाचून राहिली तर हा हिवाळा हिच्याने निघायचा नाही. वैद्यांनी आंबट बोरांच्या बिया दिल्या, आणखी काही मुळ्या दिल्या आणि यिनझीला एवढंच विचारलं, "माओलिनने ती फूशेन कुणासाठी ठेवली होती? उंदरांसाठी?"

म्हणून मला माळ्यावरून उतरवलं.

शूलान म्हणाली, मी काकूकडून मडकं आणते. यिनझीने नाही म्हणून मान हलवली. मडकं मालकाने जाऊन आणायचं असतं, आणि मालकीण जाणार नव्हती. समोरचीही अडचण बघा. तिने मडकं आणून दिलं तर पुन्हा तेच पाप. एकीला जायचं नाही, दुसरीला आणता येत नाही, मधे चार पावलांची गल्ली. माणसांच्या हट्टापुढे मी काय बोलणार, मी तर एका मुळाला धरून अख्खं आयुष्य काढलं.

यिनझीने माझ्या निम्म्या भागाचे तुकडे केले आणि लोखंडी कढईत घातले. लोखंडात औषध उकळायचं नसतं हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळत होतं. काढा काळा झाला. तिने तो नाक धरून प्यायला, आणि सगळा उलटून पडला. हट्टाला चव असती तर ती तीच असती.

शूलान भांडली नाही. उरलेली मी, म्हणजे जिच्यात मूळ होतं तो मधला गड्डा, तिने फडक्यात बांधला. आईला म्हणाली, वैद्यांकडे उकळायची सोय आहे, तिथून करून आणते. आणि मक्याच्या शेतातून वळसा घालून मागच्या दाराने रुईशिनच्या स्वयंपाकघरात शिरली.

रुईशिनने फडकं सोडलं. मला उलटसुलट करून बघितलं आणि तिचा हात थांबला.

"ही भावजींची ना?"

शूलानने मान डोलावली. रुईशिनने मला कोमट पाण्यात भिजत ठेवलं, मऊ झाल्यावर पातळ काप केले, असे की प्रत्येक कापाच्या मधोमध मुळाचा गोल राहील. तिचे डोळे वाहत होते आणि सुरी मात्र सरळ चालत होती. मला कापणारा हात असाच हवा होता.

त्या दिवसापासून ती रोज थोडे काप आणि वैद्यांच्या मुळ्या मडक्यात घालायची, दोनदा उकळायची, आणि शूलान झाकलेला वाडगा शेतातून वळसा घालून आईकडे न्यायची. यिनझी प्यायची. उलटी झाली नाही. काळजाची धडधड थोडी कमी झाली असावी, चार घास जायला लागले. झोप मात्र येईना. मी माझं सगळं पाण्यात सोडत होते, तरी येईना. मला फार लाज वाटली, कारण तोरा मीच मिरवला होता.

आता प्रश्न राहिला चोथ्याचा. उकळून झालेला चोथा आमच्याकडे रस्त्यावर टाकतात, आजाऱ्याच्या दारासमोर. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली तो तुडवला गेला की दुखणं त्यांच्या पावलांबरोबर पांगून जातं. म्हणून चोथा दिसला की शहाणी माणसं वळसा घालतात. शूलान म्हणाली, द्या, मी आमच्यासमोर टाकते. रुईशिन म्हणाली, "आईला कळेल तुझ्या. मी बघते."

तिने तो आपल्याच उंबऱ्याबाहेर ओतला. ओतून आत गेली नाही. त्यावर उभी राहिली. मग पाण्याला जाताना त्यावर पाय देऊन गेली, येताना त्यावर पाय देऊन आली. डुकरांना घालायला जाताना, भाजी आणताना, दर वेळी अगदी पूर्ण पाऊल टेकवून. शेजारणींनी सांगून बघितलं, अगं, दिसत नाही का, कडेने जा. ती म्हणायची, दिसतंय.

तिच्या पायाखाली मी होते. तिचं पाऊल जड नव्हतं, पण ठाम होतं.

समोर यिनझी दुपारची दारात स्टुलावर बसायची. त्या घराकडे बघायचं नाही असं ठरवलेलं माणूस दिवसातून किती वेळा बघतं, ते मला विचारा. तिने शूलानला विचारलं, समोर कोण आजारी आहे? शूलान मक्याची कणसं सोलत राहिली. यिनझीने पुन्हा विचारलं, पोरगं आजारी आहे का तिचं? मग यिनझी उठली. भिंत धरून, मग भिंत सोडून, गल्ली ओलांडून आली. आजारी पोराची चौकशी करायची की नाही हे तिचं ठरलं नसावं. उंबऱ्यापाशी ती वाकली आणि चोथ्यातून एक काप उचलला. मधे मुळाचा गोल असलेला.

तिने मला ओळखलं. बोटं अजून तशीच मिरचीने लाल होती.

रुईशिन भाजीची टोपली घेऊन आली आणि तिला बघून थबकली. एक पाय चोथ्यावरच होता.

"पाय काढ," यिनझी म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्याशी बोललेले पहिले शब्द हे.

"असू द्या, ताई. माझ्याच दारातलं आहे."

"माझ्या दुखण्याचा चोथा आहे हा."

"तुमच्याच दुखण्याचा. म्हणून तर." रुईशिनने टोपली खाली ठेवली. "त्या वेळी मी आणून ठेवलं, आता मीच नेते. तुम्ही मधे पडू नका."

यिनझीने तिचा दंड धरला आणि तिला चोथ्यावरून ओढलं. अंगात जोर नव्हता, पण ओढलं. ओढताना तिचाच पाय त्यात पडला, आणि दोघी माझ्यावर उभ्या राहून एकमेकींना बाजूला सारत होत्या.

"मी दाराआड उभी होते," यिनझी म्हणाली. "तू मडकं घेऊन आलीस तेव्हा. वर दोन अंडी होती. तो हसला होता. त्याला खोकला तेव्हाच होता गं, उन्हाळ्यापासून होता. मला माहीत होतं. तो कुणाचा आजार घेऊन गेला नाही, स्वतःचाच घेऊन गेला. पण तसं म्हटलं की रागवायला कुणी उरत नव्हतं, आणि रागावल्याशिवाय माझ्याने दिवस निघत नव्हता."

"आमच्याकडे घेतलेली वस्तू घासून परत करतात," एवढंच रुईशिन म्हणाली, लहान मुलीसारखी.

"माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे गं." यिनझीने हातातला काप कमरेच्या फडक्यात ठेवला. मग गल्लीकडे बघत म्हणाली, "मी मडकं न्यायला आलेय."

रुईशिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "चुलीवर आहे. दुसरी उकळी बाकी आहे अजून."

"मग थांबते."

ती आत गेली. चुलीजवळ बुटक्या स्टुलावर बसली, पाठीमागे मक्याच्या पोत्यांची थप्पी. मी उंबऱ्याबाहेर होते, दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. मडक्याच्या काठाचा टवका कसा उडाला ते यिनझीने विचारलं. रुईशिनने सांगितलं की तो वाडीतल्या कुणीतरी उडवला आणि कबूल करायला कुणी तयार नाही. मग लोणच्याचं निघालं. यंदा मोहरीच्या पानांचं फार आंबट झालंय, रुईशिन म्हणाली, चाखून बघा. यिनझी म्हणाली, तुझं कधी आंबट नव्हतं? रुईशिन बरणी काढायला वळली, आणि बरणी घेऊन फिरली तोवर यिनझीचं डोकं पोत्याला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं. हात मांडीवर मोकळे.

रुईशिन घाबरून जवळ गेली, तिच्या नाकापुढे हात धरला. मग तिथेच खाली बसली.

ती झोपली होती. भर दुपारी, त्या दिवसाचं औषध न घेताच. काढा अजून मडक्यातच होता. रुईशिनने फडक्याने धरून मडकं चुलीवरून उतरवलं, आवाज न करता, आणि जाळ मागे ओढला. थोड्या वेळाने यिनझी घोरायलाही लागली, चांगली मोठ्याने. माओलिनला घोरण्यावरून बोलायची ती बाई.

एवढी माझी कहाणी. या झोपेचं श्रेय मला द्यायला कुणी आलं तर मी ते घेणार नाही. काही काप अजून मडक्यात आहेत, एक तिच्या फडक्यात आहे, आणि बाकीची मी इथे चिखल झालेय. एक कोंबडी येऊन चोच मारून गेली, तिलाही चव लागली नाही. पावसाची एखादी सर आली की मी मातीत जाईन. मी मातीतूनच आले होते, मला त्याचं काही नाही.

तुम्ही या गल्लीतून जाणार असाल तर मला वळसा घालू नका. पावलाबरोबर नेण्यासारखं माझ्यात आता काही उरलेलं नाही, खुशाल पाय द्या. फक्त हळू द्या. ती झोपली आहे.